मोटरहोम भाड्याने घेताना लायसन्सवर काय पाहायचं?

आजचा विषय ऐकायला साधा आहे. इंग्लंडमधल्या मुलांकडे जायचं, मोठं मोटरहोम भाड्याने घ्यायचं आणि स्कॉटलंड फिरायचं. मग प्रश्न येतो, आपलं लायसन्स चालेल का? बहुतेक जण म्हणतात, "कार चालवता येते ना? मग झालं." इथेच गफलत होते.

आधी आपल्याकडचं बघू. भारतात मोटार वाहन कायदा, 1988 नुसार 7500 किलोपर्यंतचं वाहन 'हलकं मोटार वाहन', म्हणजे एलएमव्ही. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की एलएमव्ही लायसन्सवर या वजनापर्यंतचं वाहतूक वाहनही चालवता येतं. त्यामुळे आपल्याला वाटतं, साडेसात टनांपर्यंत मोकळं रान.

ब्रिटनमध्ये तसं नाही. भारतीय लायसन्सवर पाहुण्याला तिथे 12 महिने गाडी चालवता येते, पण फक्त लहान वाहन. लहान म्हणजे कमाल अनुज्ञेय वजन 3500 किलोपर्यंत आणि प्रवाशांच्या जागा 8 पर्यंत. तुमच्या लायसन्सवर एलएमव्ही लिहिलेलं असलं, तरी तिथल्या चार टनी मोटरहोमला ते पुरत नाही.

बरं, तिथे स्थायिक झालेल्यांचं काय? इथे तारीख महत्त्वाची. 1 जानेवारी 1997 च्या आधी ब्रिटनमध्ये कारची परीक्षा पास झालेल्यांना सी-वन हा वर्ग आपोआप मिळालेला आहे, म्हणजे 7500 किलोपर्यंत. त्यानंतर पास झालेल्यांना फक्त बी, म्हणजे साधारण 3500 किलो. मोठ्या वाहनासाठी सी-वनची वेगळी परीक्षा द्यावी लागते. म्हणजे घरात वडिलांना चालवता येईल आणि मुलाला नाही, असं होऊ शकतं! मात्र वडील सत्तरीला पोचले की सी-वन आपोआप पुढे चालू राहत नाही. तो ठेवायचा तर वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते.

आता नेमकं कोणतं वजन धरायचं? काट्यावरचं नाही, कागदावरचं. गाडी रिकामी असली तरी कमाल वजन 4000 नोंदलेलं असेल तर ती चार टनीच. गाडीवर निर्मात्याची एक पट्टी असते. तिच्यावर वजनांची जी यादी असते, त्यातली पहिली संख्या वाहनाची आणि दुसरी ट्रेलरसकटची. लायसन्ससाठी पहिली बघायची.

"मग साडेतीन टनी घेतली की सुटलो?" लायसन्सच्या बाबतीत हो, पण वजन मोजावं लागतंच. समजा, चालकासकट तयार गाडी 3050 किलोची आहे. उरले 450. आणखी तिघं, सत्तर-सत्तर किलोचे, म्हणजे 210. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. राहिले 140. त्यात चौघांच्या बॅगा, सायकली, खुर्च्या आणि आईने दिलेले डबे! जास्त भरलंत तर तो ओव्हरलोडचा वेगळा गुन्हा. शिवाय ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं, टायरवर ताण येतो.

चुकीच्या वर्गाच्या लायसन्सवर चालवलं तर खरा फटका दंडाचा नाही, विम्याचा. अपघात झाला आणि विमा कंपनीने हात वर केले, तर पुढचा हिशेब कोण देणार? समोरच्या गाडीत माणसं असतात, हे विसरू नका.

म्हणून बुकिंगचे पैसे भरण्याआधी कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. या गाडीचं कमाल अनुज्ञेय वजन किती? माझं भारतीय लायसन्स तुम्ही आणि तुमची विमा कंपनी स्वीकारता का? चालकाच्या वयाची आणि अनुभवाची अट काय? कायदा परवानगी देत असला तरी कंपनीची अट त्याहून कडक असू शकते. आणि जे जे चालवणार, त्या प्रत्येकाचं नाव विम्यात घालून घ्या. "थोडा वेळ तू घे" म्हणून स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात देण्याआधी त्याचं लायसन्सही याच कसोटीवर तपासा.

आता प्रश्न घेऊया.