झडती टिपायची तर हेडफोन कोणता?

सिंदी (रेल्वे), जि. वर्धा : पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे तान्हा पोळा. बैलांना विश्रांती आणि मुलांचा मान. सजवलेले लाकडी नंदी घेऊन मुले रस्त्यावर येतात. हातात मावणाऱ्या नंदीपासून चाकांवर ओढून आणाव्या लागणाऱ्या नंदीपर्यंत सारे प्रकार त्यांत असतात. विदर्भात हा सण गावोगावी साजरा होत असला, तरी सेलू तालुक्यातील सिंदी (रेल्वे) हे गाव त्यासाठी विशेष ओळखले जाते. त्या दिवशी येथे ढोल, डफडे, ध्वनिक्षेपक, पिपाण्या आणि माणसांचा कल्लोळ एकाच वेळी कानावर पडतो. गाव मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावर असल्याने मालगाडीची धडधड आणि इंजिनाचा भोंगाही त्यात मिसळतो.

आदल्या दिवशी, मोठ्या पोळ्याला, विदर्भातील गावांत तोरणाखाली बैलजोड्या उभ्या राहतात आणि झडत्या म्हटल्या जातात. झडती म्हणजे पोळ्यात मोठ्याने म्हणायची यमकबद्ध रचना. तीत महादेव-पार्वतीचे स्मरण असते. त्याचबरोबर पाऊस, पीक, सावकार आणि सरकार यांच्यावर टोलेही असतात. शेवटी महादेवाच्या नावाचा गजर होतो आणि पुढचा माणूस नवी झडती उचलतो. यातील कित्येक रचना कागदावर नाहीत. त्या म्हणणाऱ्यांच्या स्मरणात आहेत आणि हे स्मरण वयाबरोबर ओसरत चालले आहे. म्हणूनच विद्यार्थी, लोकसाहित्याचे अभ्यासक आणि हौशी मंडळी ध्वनिमुद्रक घेऊन पोळ्याला जाऊ लागली आहेत.

अडचण त्यानंतर सुरू होते. घरी येऊन मुद्रण ऐकावे, तर शब्दांच्या जागी वाऱ्याची घरघर, जनरेटरची घूं किंवा सैल वायरची करकर ऐकू येते. छायाचित्र बिघडले तर ते पडद्यावर लगेच दिसते. आवाज बिघडला तर तो कानांनीच पकडावा लागतो. पोळा वर्षातून एकदाच येतो आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना पुढच्या वर्षी या, असे सांगण्यात अर्थ नसतो. त्यामुळे अशा मुद्रणात हेडफोन ही सोय नसून पहारेकरी आहे. चूक सुधारता येण्याजोगी असतानाच ती दाखवणे, हे त्याचे एकमेव काम. हेडफोनची निवड याच कसोटीवर व्हावयास हवी.

गोड आवाज नको, खरा आवाज हवा

बाजारात मिळणारे बहुतेक हेडफोन संगीताचा आनंद घेण्यासाठी घडवलेले असतात. त्यांत खर्ज मुद्दाम फुगवलेला असतो आणि काही ठिकाणी तीव्र स्वर मऊ केलेले असतात. गाणे त्यामुळे रंगतदार वाटते, पण मुद्रण तपासणाऱ्याची फसगत होते. वाऱ्याचा झोत मायक्रोफोनवर आदळतो तेव्हा होणारी घरघर मुख्यतः खर्जात असते. खर्ज कमी देणाऱ्या हलक्या इअरफोनवर ती ऐकूच येत नाही. उलट, खर्ज फुगवणाऱ्या हेडफोनवर ढोलाचा साधा ठोकाही जास्त वाटतो आणि मुद्रक अकारण खर्ज कापून टाकतो. मुद्रणकक्षात वापरले जाणारे, ‘मॉनिटर’ म्हणून ओळखले जाणारे हेडफोन त्या मानाने सरळ बोलतात. त्यांवर वाईट मुद्रण वाईटच ऐकू येते आणि हाच त्यांचा गुण होय.

बाहेरचा आवाज किती अडतो?

हेडफोनचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. मागून उघडे, म्हणजे ओपन-बॅक, आणि मागून बंद, म्हणजे क्लोज्ड-बॅक. उघड्या प्रकारात आवाज मोकळा वाटतो, पण बाहेरचा गोंगाट थेट आत येतो आणि आतला आवाज बाहेर पडतो. घरी बसून संकलन करण्यास तो चांगला. पोळ्याच्या गर्दीत निरुपयोगी. मैदानात बंद प्रकारच लागतो आणि त्यातही संपूर्ण कान झाकणाऱ्या किंवा कानावर घट्ट बसणाऱ्या गाद्या असाव्या लागतात.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. मुद्रक ढोलाजवळ उभा असतो, तेव्हा त्याच्या कानांवर दोन आवाज पडतात. एक मायक्रोफोनमधून, ध्वनिमुद्रकातून आणि हेडफोनमधून आलेला. दुसरा हवेतून थेट आलेला. दुसरा जोरकस असेल तर पहिला कसा आहे, हे कळतच नाही. मायक्रोफोन भलत्याच दिशेला वळला तरी कानाला सारे ठीक वाटते. यावर एक सोपी परीक्षा आहे. हेडफोन कानावर ठेवून त्याचा आवाज क्षणभर पूर्ण शून्यावर आणावा. मग जे ऐकू येते, ते मुद्रणातले नसून बाहेरून झिरपलेले असते. ते फारच मोठे असेल, तर जागा बदलावी किंवा हेडफोन बदलावा.

गोंगाट अडवण्याची हेडफोनची शक्ती डेसिबलमध्ये सांगितली जाते. सेनहायझरच्या एचडी २८० प्रो या मॉडेलबाबत उत्पादकाचा दावा ३२ डेसिबलपर्यंतचा आहे. मात्र असे आकडे मुख्यतः तीव्र आवाजांना लागू पडतात. ढोलाचा किंवा डीजेचा खर्ज गादीतून आणि हाडांतूनही आत शिरतो. कोणताही हेडफोन तो पूर्ण थोपवू शकत नाही. अशा वेळी दोन मिनिटांचे चाचणी-मुद्रण करून शेजारच्या गल्लीत किंवा बंद खोलीत जाऊन ते ऐकणे, हाच खात्रीचा मार्ग ठरतो.

गोंगाट इलेक्ट्रॉनिक पद्धतीने नाहीसा करणारे, ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन येथे मोहात पाडतात. प्रवासात ते उत्तम. परंतु ते बाहेरच्या आवाजाची उलटी लहर तयार करून कानात सोडतात. त्यामुळे मूळ आवाजावर प्रक्रिया होते आणि काय मुद्रित होत आहे, याविषयी संदिग्धता राहते. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दाबून पाठवला जातो आणि उशिराही पोहोचतो. हा उशीर अनेकदा सेकंदाच्या दहाव्या भागाहून अधिक असतो. समोरच्या माणसाचे ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतात. मैदानात वायरचा हेडफोन बरा, तो याचसाठी.

ओहमचे गणित

हेडफोनच्या खोक्यावर ३२, ८० किंवा २५० ओहम असे आकडे असतात. हा विजेला होणारा अडथळा. हातात धरण्याजोग्या छोट्या ध्वनिमुद्रकांची हेडफोनला वीज पुरवण्याची ताकद मर्यादित असते. ३२ ओहमच्या हेडफोनला २० मिलीवॅट, हा अशा यंत्रांत नेहमी आढळणारा आकडा. तेवढ्याच विद्युतदाबावर २५० ओहमच्या हेडफोनला जेमतेम अडीच मिलीवॅट मिळतात. परिणामी आवाज दबतो आणि गर्दीत तो ऐकूच येत नाही. म्हणून छोट्या यंत्रासोबत साधारण ३२ ते ८० ओहमचा हेडफोन घेणे सोयीचे. संवेदनशीलतेचा आकडाही पाहावा. तो जितका मोठा, तितक्या कमी विजेवर आवाज अधिक.

या चौकटीत बसणारी काही मॉडेले जगभर वर्षानुवर्षे वापरात आहेत. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ साली आला. ६३ ओहमचा, घडी घालता येणारा हा हेडफोन तीव्र स्वर थोडे पुढे आणतो. त्यामुळे बारीक सूंसूं, ओठांची चटचट किंवा वायरची करकर चटकन लक्षात येते. गोंगाट अडवण्यात मात्र तो मध्यम आहे. सेनहायझरचा एचडी २५ हा ७० ओहमचा. तो वजनाने हलका असून कानावर घट्ट बसतो आणि त्याची एक बाजू फिरवून एक कान मोकळा ठेवता येतो. मुद्रण चालू असताना आजोबांशी बोलायचे असेल तर ही सोय मोलाची. मात्र तासाभराने कानावर दाब जाणवतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो कानाला सुखकर आहे, पण तो वेगवेगळ्या ओहममध्ये मिळतो. छोट्या यंत्रासाठी त्यातील २५० ओहमचा प्रकार टाळावा. लोकप्रिय मॉडेलांचे बनावट नगही बाजारात येत असल्याने खरेदी ओळखीच्या दुकानातून पावतीसह करणे हिताचे.

उकाडा, चष्मा आणि गर्दी

पोळा श्रावणी अमावास्येला, म्हणजे ऐन पावसाळ्यात येतो. उकाडा आणि घाम यांमुळे कृत्रिम चामड्याच्या गाद्या काही वर्षांत सोलवटतात. त्या बदलून मिळतात का, हे खरेदीपूर्वीच विचारावे. चष्म्याच्या काडीमुळे गादी आणि कान यांत फट राहते. त्या फटीतून गोंगाट आत येतो आणि खर्ज निसटतो. चष्मा लावणाऱ्याने हेडफोन चष्म्यासहच पारखावा. तीन मीटरची सरळ वायर गर्दीत कोणाच्याही पायात अडकते. गुंडाळीची वायर आटोपशीर, पण तिच्या ओढीने खिशातले हलके यंत्र पडू शकते. ती कमरपट्ट्याला अडकवावी. वायर सुटी होणारी असेल तर जादाची एक सोबत ठेवावी.

दुकानात जाताना आपला ध्वनिमुद्रक आणि मायक्रोफोन बरोबर न्यावा. हेडफोन त्यालाच जोडून रस्त्याच्या कडेला उभे राहावे. आवाजाची चकती दोन-तृतीयांशापर्यंत फिरवल्यावर समोरच्या माणसाचे बोलणे स्पष्ट ऐकू येते का, मायक्रोफोनवर हलकी फुंकर मारल्यास खर्जातील धक्का जाणवतो का, वायर हलवल्यास खरखर येते का, हे पाहावे. अर्धा तास हेडफोन काढू नये. डोके दुखू लागले, तर तो हेडफोन दिवसभराच्या पोळ्यासाठी नव्हे.

काट्याचे काम कानाला नको

हेडफोन चांगला असला तरी एक गैरसमज कायम राहतो. हेडफोनचा आवाज आणि मुद्रणाची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांची बटणेही वेगळी आहेत. कानात आवाज कमी वाटला म्हणून मुद्रणाची पातळी वाढवली, तर महादेवाच्या गजरात आवाज फाटतो. आणि एकदा फाटलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही. म्हणून पातळी पडद्यावरील काटा पाहून ठरवावी. सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला, तर अनपेक्षित आरोळीलाही जागा उरते. त्यानंतर हेडफोनचा आवाज एकदा ठरवून तो शक्यतो बदलू नये. तरच कानाला फरक कळतो.

अलीकडच्या काही यंत्रांत ३२-बिट फ्लोट पद्धतीने मुद्रण होते. त्यांत पातळी चुकली तरी बहुधा ती नंतर सावरता येते. हेडफोनची गरज मात्र त्यामुळे संपत नाही. वारा, जनरेटरची घूं, भ्रमणध्वनीची टर्रटर्र आणि चुकीच्या दिशेला वळलेला मायक्रोफोन यांवर त्या पद्धतीत इलाज नाही.

शांत जागी अडचणी वेगळ्या असतात. ओसरीवर बसून एखादी आजी ओव्या म्हणत असेल, तर पंखा, शीतकपाट आणि भिंतीवरचे घड्याळ यांचे आवाज मनाला सवयीने जाणवत नाहीत. हेडफोनवर ते लगेच उघडे पडतात. येथे हेडफोनचा आवाज मोठा ठेवल्यास तो बाहेर झिरपून मायक्रोफोनमध्ये शिरण्याचा धोका असतो. रुळांजवळच्या घरात गाडी येण्याची चाहूलही हेडफोनवर आधी लागते. आजींना थांबवून ओवी पुन्हा म्हणवून घेण्यास तेवढा वेळ पुरतो.

कानही जपायला हवेत

गोंगाटावर मात करण्यासाठी हेडफोनचा आवाज वाढवत नेण्याची सवय घातक ठरते. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्था ‘नायॉश’च्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक ऐकू नये. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. १०० डेसिबलला ती अवघी १५ मिनिटे उरते. चांगला बंद हेडफोन घेण्याचे हे आणखी एक कारण. बाहेरचा गोंगाट जितका अडेल, तितका आतला आवाज कमी ठेवता येतो.

नीट केलेल्या मुद्रणाचे मोल पुढच्या पिढ्यांना कळते. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून सुरू केलेल्या कामात महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांतील काही गायिकांचे आवाजही मुद्रित झाले. आता हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’च्या संकेतस्थळावर ऐकता येतो. त्यातील अनेक गायिका आज हयात नाहीत, परंतु त्यांचा आवाज आहे.

सिंदीच्या आणि आसपासच्या गावांच्या पोळ्यात उद्या कोण झडती म्हणेल, हे सांगता येत नाही. ती म्हणणारा समोर उभा असेल, तेव्हा मुद्रकाच्या कानावर हेडफोन असावा आणि वायरची करकर त्याला पहिल्याच ओळीला ऐकू यावी. तेव्हा वायर दाबून बसवून, ‘आजोबा, पुन्हा एकदा म्हणता का?’ असे विचारता येते. घरी पोहोचल्यावर मात्र हे विचारायला कोणीही समोर नसते.