थेंब, गार आणि हळदीची धूळ

मृगाच्या पहिल्या सरींत अंगणांत उभें राहून भिजण्यांत आपणांस सुख वाटतें. परंतु शाळेंत शिकविलेला पडत्या वस्तूचा नियम जसाच्या तसा खरा धरला, तर हें सुख जिवावर बेतावयास हवें. ढग दोन हजार मीटर उंचीवर आहे असें माना. तेथून सुटलेला थेंब जमिनीशीं पोंचतांना सेकंदाला जवळजवळ 200 मीटर, म्हणजे ताशीं 700 किलोमीटरांहून अधिक वेगानें आला पाहिजे. प्रत्यक्षांत दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब सेकंदाला साडेसहा मीटरांच्या आसपास वेग घेऊन येतो. मग बाकीचा वेग गेला कोठें? खरें म्हणजे तो कधीं आलाच नाहीं; हवेनें तो येऊंच दिला नाहीं.

हा हवेचा अडथळा गणितांत कसा बसवावयाचा, हें पाहण्यासाठीं आपण हिंगोली जिल्ह्यांतील आखाडा बाळापूरच्या बाजूस जाऊं. कळमनुरी तालुक्यांतील हें गांव. हा सारा मुलूख हळदीचा. येथें पावसाचा थेंब पडतो, एखाद्या वाईट वर्षीं गार पडते, आणि हळद दळली जाते तेथें तिची पिवळी धूळ हवेंत तरंगत खालीं बसते. पडणें एकच, परंतु तिघांची तऱ्हा निराळी.

गुरुत्वाकर्षण दर सेकंदाला वेगांत 9.8 मीटरांची भर घालतें. हवेचा विरोध त्यांतून कांहीं वजा करतो. येथवर सोपें आहे. घोटाळा असा कीं, विरोध किती हें वेगावर ठरतें, आणि वेग किती हें विरोधावर. गिऱ्हाइकानें भाव पाहून माल घ्यावा आणि भाव मात्र गिऱ्हाइकी पाहून ठरावा, तसाच हा प्रकार. ज्या समीकरणांत एखादी राशी आणि तिच्या बदलाचा दर असे एकमेकांत गुंतलेले असतात, त्यास अवकल समीकरण म्हणतात.

प्रथम धूळ घेऊं. अतिसूक्ष्म कणांवरील विरोध वेगाच्या प्रमाणांत वाढतो. स्टोक्स या गणितज्ञानें 1851 मध्यें त्याचें सूत्र दिलें. वेग वाढत वाढत एके ठिकाणीं विरोध व वजन समसमान होतात, आणि पुढें वेग वाढत नाहीं. यास अंतिम वेग म्हणूं. युक्ति एवढीच कीं, वेगाचा विचार सोडून अंतिम वेगास किती कमी आहे, त्या उणिवेचा विचार करावा. मग समीकरण सरळ होतें: उणीव जितकी, तितक्याच प्रमाणांत ती घटते. हें उलटें चक्रवाढ व्याज होय. अंतिम वेगास 9.8 नें भागून जो काळ येतो, तेवढ्या प्रत्येक अवधींत उणीव 37 टक्क्यांवर येते. हळदीचा कण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असेल, तर त्याचा अंतिम वेग सेकंदाला सुमारें दीड सेंटिमीटर, आणि तो अवधि सेकंदाच्या सहाशेंव्या भागाइतका. म्हणजे कण सुटतांक्षणींच आपल्या कायमच्या चालीला लागतो, आणि दोन मीटरांवरून स्थिर हवेंत उतरावयास त्याला दोन मिनिटें लागतात.

थेंबाचें तसें नाहीं. तेथें हवा ढवळली जाते, व विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. न्यूटननें 1687 च्या आपल्या ग्रंथांत या दोन्ही प्रकारांचा विचार केला आहे. आतां नुसती उणीव उपयोगी पडत नाहीं. अंतिम वेग व चालू वेग यांची बेरीज घ्यावी, वजाबाकी घ्यावी, आणि पहिलीस दुसरीनें भागावें. हा भागाकार चक्रवाढीनें वाढतो. त्यावरून सुमारें 1.3 सेकंदांत, सहा मीटरही उतरला नाहीं तोंच, आपला थेंब अंतिम वेगाच्या 96 टक्क्यांवर पोंचतो. दुमजली घराच्या गच्चीवरून पडलेला थेंब आणि ढगांतून आलेला थेंब यांत फरक असा फारसा उरतच नाहीं!

विरोध या दोन्ही नियमांच्या अधेंमधें असला, तर अशी सुबक उत्तरें मिळत नाहींत. तेव्हां सेकंदाचे दहावे भाग पाडून पायरीपायरीनें चालावें. वरच्याच थेंबाचा वेग पहिल्या पायरीस 0.98, दुसरीस 1.94, तिसरीस 2.83; प्रत्येक वेळीं नव्या वेगावरून नवा विरोध काढावयाचा. संगणक हेंच काम न थकतां करतो. मला स्वतःला कागदावर अशा दहा-वीस पायऱ्या मांडणें अधिक बोधप्रद वाटतें.

आतां गार. तिचा नियम थेंबाचाच, परंतु अंतिम वेग व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणें वाढतो. दोन सेंटिमीटरांची गार सेकंदाला सुमारें 18 मीटर, चार सेंटिमीटरांची सुमारें 26 मीटर वेगानें येते. एवढ्यानें कोणी घाबरणार नाहीं. परंतु व्यास दुप्पट होतांच वजन आठपट होतें, वेगाचा वर्ग दुप्पट होतो, आणि आघाताची ऊर्जा सोळापट होते. बोराएवढी गार आणि लिंबाएवढी गार यांत बोलण्यांत एका फळाचा फरक. गव्हाच्या ओंबीला तो सोळापटींचा. शिवाय एवढी गार ढगांत तोलून धरावयास वर जाणारा वाराही तिच्या अंतिम वेगाइतका जोरदार लागतो. ताशीं 90 किलोमीटरांहून अधिक.

2014 च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यांत वारंवार गारपीट झाली. गहू, हरभरा, ज्वारी हीं हातातोंडाशीं आलेलीं पिकें आडवीं झालीं. हळद काढून, शिजवून उघड्यावर वाळत घालण्याचे दिवसही हेच. अशा वेळीं गार पडली, तर पंचनाम्यांत फळांचीं नांवें न लिहितां, वितळण्यापूर्वीं तिच्याशेजारीं मोजपट्टी ठेवून व्यास टिपून घ्यावा. आघाताचा अंदाज त्या एका आंकड्यावरून काढतां येतो.