महाग बोर्ड, मोजकी माणसं

कमोडोर कंपनीचा अमिगा हा संगणक १९८५ मध्ये सुमारे १,३०० डॉलरला आला. वर्षभर आधीच्या काळ्या-पांढऱ्या मॅकिंटॉशला २,४९५ डॉलर पडत होते, म्हणजे मॉनिटरचे वेगळे पैसे धरूनही अमिगा स्वस्तच. वर त्यात ४,०९६ रंग, स्टिरिओ आवाज आणि एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालवण्याची सोय. १९८७ च्या अमिगा ५०० ने ही चैन युरोपातल्या शाळकरी पोरांपर्यंत नेली. १९९४ मध्ये कमोडोर बुडाली, तरी अमिगाची ऑपरेटिंग सिस्टिम हौशी मंडळींनी आजवर चालती ठेवली आहे. गंमत अशी, की स्वस्ताईवर मोठ्या झालेल्या या सिस्टिमची अधिकृत गादी आज महागड्या, खास तिच्यासाठी घडवलेल्या बोर्डांवर आहे. माझ्या मते तिची वाढ खुंटण्याचं हे एक मोठं कारण आहे.

साध्या पीसीवर ती का चालवत नाहीत? अडचण खरी आहे. २५८ हा आकडा दोन बाइटमध्ये लिहायचा तर एक आणि दोन असा लिहिता येतो: एक गुणिले २५६, अधिक दोन. जुन्या अमिगाचा मोटोरोला प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवतो, इंटेलचा धाकटा आधी. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तसंच वाचलं, तर २५८ चे ५१३ होतात. अमिगात सिस्टिम आणि प्रोग्रॅम एकाच मेमरीत थेट हात घालतात, त्यामुळे जुने प्रोग्रॅम सांभाळायचे तर हा क्रम मोडून चालत नाही. पॉवरपीसी प्रोसेसरमध्ये तो जुळतो, म्हणून अमिगाओएस ४ तिकडे गेली. जग मात्र इंटेलकडे गेलं. मग थोडक्यांसाठी थोडे बोर्ड बनू लागले, आणि थोडे बनतात म्हणून ते महाग. अमिगावन एक्स५००० मध्ये दोन कोअरचा प्रोसेसर आहे, पण सिस्टिम त्यातला एकच वापरते. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला!

याच घराण्यातल्या मॉर्फओएसने वेगळी वाट धरली. ॲपलने २००५ मध्ये ४९९ डॉलरपासून विकलेला मॅक मिनी हा डब्याएवढा संगणक पॉवरपीसीचाच होता. ॲपल इंटेलकडे वळल्यावर तो जुन्या बाजारात कवडीमोलाने मिळू लागला, आणि २००९ पासून मॉर्फओएस त्यावर चालते. परवाना विकतच घ्यावा लागतो. पण न घेताही दर वेळी पहिला अर्धा तास ती पूर्ण वेगाने वापरता येते, मग मंदावते. नवख्याला एवढी चव पुरते.

खास बोर्डांचे पाठीराखे म्हणतात, एकाच बोर्डासाठी ड्रायव्हर लिहिणं सोपं, आणि जुने मॅक काय जन्मभर पुरणार आहेत? दोन्ही मुद्दे रास्त आहेत. पॉवरपीसी मॅक बनणं २००६ मध्येच थांबलं. पण खास बोर्ड तरी कुठे भरवशाचा आहे? अमिगावन एक्स१००० या बोर्डाचा प्रोसेसर पीए सेमी या कंपनीचा, आणि ती ॲपलने २००८ मध्येच विकत घेतली. बोर्ड ग्राहकाच्या हाती पडला तो २०१२ मध्ये. पुढे स्वस्त म्हणून आखलेल्या ए१२२२ बोर्डाच्या प्रोसेसरमध्ये दशांशाची गणितं करणारा नेहमीचा पॉवरपीसी भागच नाही. ती गणितं सॉफ्टवेअरने निभवावी लागतात. ‘हौसेला मोल नसतं’ हेही ऐकू येतं. ज्याला हौस लागलेली आहे, त्याच्यापुरतं ते खरं. न लागलेल्याने फक्त चाखून बघायला एवढे पैसे का घालावेत?

इंग्लंडमधल्या एकॉर्न कंपनीच्या रिस्कओएस या सिस्टिमचं उदाहरण बोलकं आहे. तिच्यासाठीही २००२ मध्ये आयोनिक्स नावाचा खास संगणक निघाला होता. २०१२ मध्ये ३५ डॉलरचा रास्पबेरी पाय आला आणि त्याच वर्षी रिस्कओएस त्यावर फुकट मिळू लागली. पायमधला एआरएम प्रोसेसर मुळात एकॉर्नचाच, त्यामुळे यात नशिबाचा वाटा मोठा. अमिगाला तो लाभला नाही. तिच्या वाट्याला आला क्यूईएमयू हा प्रोग्रॅम. तो साध्या पीसीच्या आत पॉवरपीसी बोर्डाचं सोंग उभं करतो. खऱ्या बोर्डाचा थाट त्याला नाही, पण अमिगाओएस ४ त्यात सुरू होते, आणि इंटेलच्या पोटात बसूनही २५८ ला २५८ च वाचते.