स्क्रम
स्क्रम : रग्बी फुटबॉल खेळात किरकोळ नियमभंगानंतर खेळ पुन्हा सुरू करण्याची एक पद्धत. तीत दोन्ही संघांचे प्रत्येकी आठ खेळाडू तीन फळ्यांत एकमेकांना घट्ट धरून वाकतात व प्रतिपक्षाला रेटतात. पुढच्या फळीत मध्यभागी हुकर व त्याच्या दोहो बाजूंस प्रॉप असतात. त्यांच्यामागे दोन लॉक व बाहेरच्या अंगांस दोन फ्लँकर आणि सर्वांत मागे आठव्या क्रमांकाचा खेळाडू असतो. समोरासमोरच्या फळ्यांमधील पोकळीत स्क्रम-हाफ चेंडू सोडतो व हुकर तो पायाने मागे ओढतो.

वजनदार संघच स्क्रममध्ये वरचढ ठरतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. न्यूझीलंडमधील खेळाडूंवर केलेल्या व २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठ जणांचा एकत्रित रेटा त्यांच्या स्वतंत्र रेट्यांच्या बेरजेच्या सुमारे दोन-तृतीयांश इतकाच भरला. सैल पकड, वाकडा कणा आणि हालचालींतील विस्कळीतपणा यांमुळे शक्ती वाया जाते. तंत्र सुधारण्यास मुख्य वाव आहे तो येथेच.

पवित्र्यात पाठ सपाट, मान कण्याच्या रेषेत व छाती किंचित पुढे असावी. गुडघे सुमारे १२०° कोनात वाकवितात. ते अधिक ताठ असल्यास रेटण्यास पल्ला उरत नाही. खांदे नितंबांच्या पातळीखाली जाता कामा नयेत, असा नियमच आहे. प्रॉपने प्रतिस्पर्ध्याचा सदरा पाठीवर वा बगलेकडे धरावा. बाही धरून कोपर खाली ओढल्यास स्क्रम कोसळतो. उजवीकडच्या प्रॉपचे डोके दोन प्रतिस्पर्ध्यांमध्ये येत असल्याने दोघांचाही भार त्याला पेलावा लागतो. त्याचे काम सर्वांत कष्टाचे, पण प्रेक्षकांच्या सहसा लक्षात न येणारे असते. फ्लँकरने त्याला बाहेरून आधार देण्याऐवजी चेंडूकडे लवकर धाव घेतल्यास तो बाहेर ढकलला जातो.

सांघिक मेळाचे उत्तम उदाहरण म्हणजे अर्जेंटिनातील ‘बाहादा’ पद्धत. ब्वेनस एअरीझ परिसरातील सान इसिद्रो क्लबचे फ्रान्सिस्को ओकाम्पो यांनी ती विकसित केली. पहिल्या हाकेसरशी आठही जण पकड आवळून श्वास भरून घेतात, दुसऱ्या हाकेला एकदम खाली बसतात आणि तिसऱ्या हाकेला श्वास सोडत एकाच क्षणी पाय ताणून रेटतात. या पद्धतीत वाढलेला प्रॉप एन्रिके रोद्रिगेस पुढे ऑस्ट्रेलियाकडून खेळला. १९८४ मध्ये कार्डिफ येथे ऑस्ट्रेलियाने वेल्सचा स्क्रम गोलरेषेपलीकडे रेटून ट्राय मिळविला, तेव्हा तो पुढच्या फळीत होता.

कोसळलेल्या स्क्रममध्ये पुढच्या फळीतील खेळाडूच्या मानेचे मणके व मज्जारज्जू यांना इजा होऊन कायमचे अपंगत्व येऊ शकते. प्रारंभीच्या धडकेचा जोर कमी करण्यासाठी २००७ मध्ये टप्प्याटप्प्याने भिडण्याचा क्रम लागू झाला. २०१३ पासून प्रॉप आधी एकमेकांना धरतात व मगच संघ भिडतात. त्यामुळे वेगाने आदळण्याचे महत्त्व घटले आणि पकड व पवित्रा यांचे वाढले. साहजिकच सरावही एकेकट्याने, नंतर तिघांनी व पाचांनी आणि शेवटी आठांनी करणे इष्ट ठरते. १९ वर्षांखालील सामन्यांत प्रतिपक्षाला १·५ मी.पेक्षा अधिक मागे रेटण्यास मनाई असते. पुढच्या फळीसाठी प्रशिक्षित खेळाडू उपलब्ध नसल्यास कोणत्याही वयोगटात स्क्रम न रेटताच खेळला जातो.