जुनी गाडी स्वतः विकायची की डीलरला द्यायची? पैशांचा फरक कुठून येतो आणि आरसीवरचं नाव का महत्त्वाचं?

१० नोव्हेंबर २०२५ च्या संध्याकाळी दिल्लीत लाल किल्ल्याजवळ एका कारमध्ये स्फोट झाला. नंबरवरून गाडी कोणाची हे शोधत पोलीस सगळ्यात आधी पोहोचले ते हरियाणातल्या नोंदणीकृत मालकाकडे. पण त्याने ती गाडी आधीच विकून टाकली होती. पुढे ती आणखी काही जणांच्या हातातून गेली. तरी पहिली चौकशी झाली ती त्याचीच.

इतकी टोकाची गोष्ट सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. पण गाडी विकून आठ महिने झाले आणि अचानक मोबाईलवर सिग्नल तोडल्याचं चलन आलं, हे अनेकांनी पाहिलंय. म्हणून जुनी गाडी विकताना "कुठे जास्त पैसे मिळतील?" या प्रश्नाइतकाच "माझं नाव कधी निघेल?" हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. स्वतः विकणं आणि डीलरला देणं यातला खरा फरक या दोन प्रश्नांच्या मधे कुठेतरी आहे.

आधी पैशांचं बघू

समजा, पुण्यातली एमएच १२ पासिंगची, फर्स्ट ओनर, आठ वर्षं वापरलेली एक पेट्रोल हॅचबॅक आहे. थेट ग्राहक मिळाला तर ती सव्वाचार लाखांना जाईल असा अंदाज आहे. तीच गाडी डीलरकडे नेली की आकडा येतो साडेतीन, फार तर पावणेचार. (हे आकडे समजण्यापुरते आहेत, प्रत्येक गाडीचं गणित वेगळं.) मालकाला वाटतं, डीलर लुटतोय.

प्रत्येक वेळी तसं नसतं. डीलर गाडी घेतो तेव्हा त्याचे पैसे त्यात अडकतात. ती गाडी पंधरा दिवसांत जाईल की चार महिने शोरूमबाहेर धूळ खात उभी राहील, हे त्याला माहीत नसतं. डेंट काढणं, पॉलिश, टायर, बॅटरी, कधी क्लच हा खर्च त्याचा. वॉरंटी दिली तर तीही त्याच्या अंगावर. मारुती सुझुकीच्या ट्रू व्हॅल्यूसारख्या कंपन्यांच्या साखळ्या असोत, कार्स२४ आणि स्पिनीसारखे ऑनलाइन खरेदीदार असोत किंवा कोपऱ्यावरचा डीलर असो, घेण्याच्या आणि विकण्याच्या किमतीतल्या फरकावरच त्यांचं दुकान चालतं.

म्हणजे स्वतः विकली तर तो फरक आपल्या खिशात. मात्र त्याबदल्यात फोटो काढणं, जाहिरात टाकणं, पन्नास फोन घेणं, "लास्ट प्राइस काय?" याला उत्तर देणं आणि रविवारची दुपार अनोळखी लोकांना टेस्ट ड्राइव्ह देण्यात घालवणं हे सगळं आपलं. ज्याला वेळ आहे त्याला हा सौदा परवडतो. ज्याची पुढच्या आठवड्यात बदली आहे त्याला नाही.

ऑनलाइन खरेदीदारांबाबत एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. गाडीचा नंबर आणि किलोमीटर टाकल्यावर स्क्रीनवर जो आकडा दिसतो ती ऑफर नसते, अंदाज असतो. खरी किंमत तपासणीनंतर ठरते आणि ती बहुतेक वेळा खाली येते. रंगाची जाडी मोजणारं मशीन दरवाजाला लावलं की पॅनल पुन्हा रंगवलंय का ते कळतं. अधिकृत सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदींवरून किलोमीटर जुळतात का तेही बघितलं जातं. त्यामुळे हातातली खरी ऑफर एकच असेल तर ती महागाची की स्वस्ताची हे कळायला मार्ग नाही. त्याच दोन दिवसांत तीन ठिकाणी तपासणी करून घेतली तर आपल्या गाडीचा भाव आपल्यालाच कळतो, आणि मग थेट ग्राहकाशी बोलतानाही तो आकडा कामाला येतो.

वेळेचंही गणित आहे. जानेवारी उजाडला की गाडी कागदावर एक वर्षाने म्हातारी होते, डिसेंबरमध्ये तीच गाडी वर्षाने तरुण असते. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव आपोआप दबतो. त्यामुळे शेजाऱ्याने त्याआधी कितीला विकली, हा हिशेब आता फारसा उपयोगाचा नाही.

१८ टक्के जीएसटी आपल्याला लागतो का?

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला जीएसटी कौन्सिलची ५५ वी बैठक झाली आणि जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के कर ठरला. त्यानंतर सोशल मीडियावर मीम्सचा पूर आला. बारा लाखांची गाडी नऊ लाखांना विकली तर तीन लाखांच्या तोट्यावर कर भरायचा, असं गणित फिरत होतं.

ते चुकीचं होतं. हा कर जीएसटी नोंदणी असलेल्या विक्रेत्याला, म्हणजे मुख्यतः डीलरला लागतो, तोही पूर्ण किमतीवर नाही, फक्त मार्जिनवर. डीलरने चार लाखांना घेतलेली गाडी ४ लाख ६० हजारांना विकली तर ६० हजारांवर १८ टक्के, म्हणजे १०,८०० रुपये. तोटा झाला तर कर शून्य. नोकरदार माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्याला विकली तर जीएसटीचा संबंधच येत नाही. घरच्या वापराची कार आयकरात भांडवली मालमत्ता धरली जात नाही, त्यामुळे त्यावर कॅपिटल गेन्सही नाही. गाडी व्यवसायाच्या नावावर असेल आणि त्यावर घसारा दाखवला असेल तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा सीएला विचारूनच पुढे जावं.

थेट ग्राहकाला विकताना आयकराचा एक नियम मात्र आडवा येतो. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेता येत नाही. घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. "साहेब, सगळे कॅश देतो, वीस हजार कमी करा" या ऑफरला म्हणूनच नाही म्हणायचं असतं.

गाडी गेली, पण नाव राहिलं तर?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी विकल्यावर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यात जाणार असेल तर मुदत ४५ दिवसांची. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायची. विकणाऱ्याच्या सूचनेचा फॉर्म २९ आणि नाव बदलण्याच्या अर्जाचा फॉर्म ३०. परराज्यात जाणाऱ्या गाडीला आरटीओची एनओसी लागते, तिचा फॉर्म २८.

प्रत्यक्षात काय होतं? सौदा ठरतो, पैसे मिळतात, मालक कोऱ्या फॉर्मवर सह्या करतो, आरसी आणि दोन्ही चाव्या देतो आणि घरी जातो. घेणारा म्हणतो, "करून घेतो नावावर, काळजी करू नका." घेणारा दलाल असेल तर तो मुद्दामच नावावर करत नाही. कारण त्याला गाडी पुढे विकायची असते आणि मधे स्वतःचं नाव चढलं तर गाडी सेकंड ओनर होते, भाव पडतो. तारीख न टाकलेले ते फॉर्म मग गाडीबरोबर फिरत राहतात.

यावर सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २०१८ चा एक निकाल आहे. एका कारमालकाचं म्हणणं होतं, की त्याने २००७ मध्येच गाडी विकली. पुढे ती आणखी काही जणांनी विकत घेतली, पण आरसीवर नाव पहिल्याचंच राहिलं. २००९ मध्ये त्या गाडीने अपघात झाला. भरपाई कोणी द्यायची? हायकोर्टाने शेवटी ज्याच्या ताब्यात गाडी होती त्याच्यावर जबाबदारी टाकली. सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. कायद्याच्या लेखी नोंदणी ज्याच्या नावावर, मालक तोच, आणि अपघातग्रस्ताने एका खरेदीदाराकडून दुसऱ्याकडे खेटे घालत बसावं अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टाने म्हटलं. विकल्याचा कागद घरात होता की नाही, याने अपघातग्रस्ताच्या दाव्यात फरक पडला नाही.

थर्ड पार्टी विमा चालू असेल तर भरपाई साधारणपणे विमा कंपनी देते. पण गाडी पाच हात फिरलेली असताना विमा कोण भरतंय, यावर आपलं नियंत्रण उरत नाही.

मग डीलरला दिली की सुटलो?

आधी उत्तर "नाही" असं होतं. डीलरकडे गाडी उभी असतानाही कागदावर मालक आपणच असायचो. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरसाठी वेगळी व्यवस्था आली. डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, ते पाच वर्षं चालतं. अशा डीलरला गाडी देताना मालकाने आणि डीलरने मिळून फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तो भरला गेला की त्या क्षणापासून डीलर हाच गाडीचा मालक मानला जातो आणि पुढची जबाबदारी त्याची. गाडी त्याला टेस्ट ड्राइव्ह, दुरुस्ती, रंगकाम अशाच कामांसाठी रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ठेवावी लागते.

नियम चांगला आहे, पण तो लागू होतो अधिकृत डीलरला. जुन्या गाड्यांचा बोर्ड लावलेल्या प्रत्येकाकडे हे प्रमाणपत्र असेलच असं नाही. त्यामुळे "भाव किती देता?" याच्या आधी "तुमचं ऑथरायझेशन सर्टिफिकेट दाखवा आणि २९सी कधी भरताय ते सांगा" हे विचारावं. डीलर गडबडला तर डीलरला देण्याचा सगळ्यात मोठा फायदाच संपला. मग तेवढी कमी किंमत तरी कशासाठी घ्यायची?

स्वतः विकताना फसवणूक कशी होते?

एक प्रकार आता जुना झालाय, तरी चालतो. गाडी न बघताच फोनवर सौदा पक्का करणारा ग्राहक, बऱ्याचदा सैन्यात असल्याचं सांगणारा, टोकन पाठवतो म्हणून क्यूआर कोड पाठवतो. कोड स्कॅन करून पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. यूपीआयमध्ये पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच नाही.

दुसरा प्रकार जास्त बेमालूम आहे. मधला माणूस मालकाला सांगतो, "माझा मेव्हणा गाडी बघायला येईल, त्याच्यासमोर किमतीचं बोलू नका." तिकडे त्याच गाडीची जाहिरात त्याने कमी भावात टाकलेली असते. बघायला येतो तो मेव्हणा नसून खरा ग्राहक असतो. त्यालाही तेच सांगितलेलं असतं. गाडी पसंत पडते, ग्राहक पैसे मधल्या माणसाच्या खात्यात भरतो आणि दारात उरतात दोन प्रामाणिक माणसं, एकमेकांना चोर समजणारी. इलाज साधा आहे. समोर उभ्या माणसाशीच किंमत बोलायची आणि पैसे त्याच्याच खात्यातून आपल्या खात्यात जमा झाल्याचं बँकेच्या ॲपवर दिसल्याशिवाय चावी द्यायची नाही. स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत.

टेस्ट ड्राइव्हला आधी लायसन्स बघायचं, बाजूच्या सीटवर स्वतः बसायचं.

सौदा ठरल्यावर

कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचा बोजा तसाच राहतो. तो काढायला बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. हे काम ग्राहक शोधायच्या आधी करावं. कर्ज चालू असेल तर डीलर सोपा पडतो, कारण उरलेली रक्कम तो थेट बँकेत भरून बाकीची मालकाला देतो. थाकलेली चलनं आधीच भरून टाकायची. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी असेल तर एचएसआरपी नंबरप्लेटही बसवून घ्यायची, नाहीतर आरटीओत नावाचं काम अडतं.

गाडी देताना तारीख आणि वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट करावी, घेणाऱ्याच्या सहीसकट. सकाळी अकराला दिलेल्या गाडीचं दुपारी दोनचं चलन आपलं नाही, हे दाखवायला ती वेळ कामाला येते. शक्य असेल तर फॉर्म भरून, तारीख टाकून, अर्ज स्वतःच्या समोर ऑनलाइन दाखल करून घ्यावा. काहीजण पाच-दहा हजार रुपये ग्राहकाकडून अनामत ठेवून घेतात आणि आरसीवर नाव बदललं की परत करतात. ग्राहक कुरकुरतो, पण ही पद्धत चालते.

फास्टॅग आपल्या खात्याशी जोडलेला असतो, तो बंद करायचा. नुसता काचेवरून खरवडून काढून चालत नाही. आणि विम्यातला नो क्लेम बोनस सोडून द्यायचा नाही. तो गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम घेतला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो आणि स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर मिळतो. विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या नव्या गाडीला तो वापरता येतो.

आणि ज्यांनी गाडी तीन-चार वर्षांपूर्वीच विकलीय? त्यांनी एमपरिवहन ॲपवर जुना नंबर टाकून बघावा. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं दिसतं, पण आपलं आहे की नाही इतकं ओळखू येतं. आपलंच असेल तर घेणाऱ्याला गाठून अर्ज करून घ्यायचा. तो सापडत नसेल तर डिलिव्हरी नोट, पैसे आल्याची बँकेची नोंद आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत, जे काही हाताशी असेल ते जोडून ज्या आरटीओत गाडीची नोंद आहे तिथे लेखी कळवायचं आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायची.