तित्तर आणि लावा : बांधावरचे दोन शेजारी



वारणानगरचा उसाचा पट्टा मागे टाकून पन्हाळा-जोतिबाच्या डोंगराकडे निघाले की मुरमाड माळ लागतो, कुसळी गवत लागते, बाभळी-बोरीची झुडपे लागतात. अशा जागी जमिनीवर वावरणारे दोन पक्षी आपण पाहिले असतील. एक तित्तर आणि दुसरा लावा. दोघेही कोंबडीच्या कुळातले, दोघेही मातकट रंगाचे. म्हणून लाव्याला कोणी तित्तराचे पिल्लू समजले तर नवल नाही. पण हे दोन अगदी निराळे पक्षी आहेत, आणि त्यांच्यातला फरक बांधाच्या मालकाला ठाऊक असलेला बरा.

आधी अंगलट पाहू. तित्तर सुमारे 33 सेंटिमीटर लांब, म्हणजे अर्धवट वाढलेल्या कोंबडीएवढा. अंगावर बारीक आडव्या रेघा, पिवळसर गळा आणि त्याभोवती काळी रेघ. नराच्या पायाला, आपल्या कोंबड्याला असतो तसा, मागे टोकदार काटा असतो. लावा याच्या निम्मा, जेमतेम 17 सेंटिमीटर. अंग मात्र गोल, गुबगुबीत. नराचे पोट पांढरे व त्यावर काळ्या आडव्या रेघा. मादीचे पोट तांबूस.

आता स्वभाव पाहा. तित्तर बहुधा जोडीने किंवा चारपाच जणांच्या कुटुंबाने राहतो. सकाळी त्याचे ‘क-ती-तर, क-ती-तर’ दूरवर ऐकू येते. माणूस दिसला की तो पळत सुटतो. अगदीच गाठले तर उडतो. लाव्याचे उलटे. त्यांचा लहानसा थवा गवतात दडून बसतो, तो थेट पाय पडेपर्यंत! मग भुर्रकन सगळे दहा दिशांना उडतात, आणि थोड्या वेळाने बारीक शीळ घालीत पुन्हा एकत्र येतात.

खरा फरक रात्रीचा आहे. दिवसभर जमिनीवर फिरणारा तित्तर रात्री काटेरी झाडाच्या फांदीवर झोपतो. लावे मात्र भुईवरच, एकमेकांना खेटून, तोंडे बाहेर करून गोल बसतात. म्हणजे तित्तराला रात्रीपुरती एखादी बाभूळ लागते. लाव्याला उभ्या गवतावाचून दुसरा आसरा नाही.

घरटे मात्र दोघांचेही जमिनीवरच, गवताच्या किंवा झुडपाच्या बुंध्याशी. अंडी साधारण चार ते आठ. तित्तराची वीण जवळजवळ वर्षभर चालू असते. लाव्याची पावसाळ्यापासून उन्हाळा लागेपर्यंत चालते. आणि बांध पेटवण्याचे, पाचट जाळण्याचे, डोंगराला वणवे लागण्याचे दिवस त्यातच येतात! मोठे पक्षी एक वेळ पळतील, पण अंडी कोठे पळणार?

हे दोघे तण-गवताचे बी टिपतात, किडे आणि वाळवी खातात. तेव्हा हे शेजारी राखण्यात आपलेही हित आहे. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. बांध पेटवू नका, गवत विळ्याने कापा. कापताना मधून सुरुवात करून कडेकडे जा, म्हणजे पाखरांना बाहेर पडायला वाट राहते. एखादा पट्टा उभा ठेवा, एखादी बाभूळ-बोर राहू द्या. पाचट जाळण्यापेक्षा सरीत कुजवा. जमिनीलाही खत मिळेल.

आणखी एक गोष्ट. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना फासे लावणे, मारणे, त्यांची अंडी काढणे हा गुन्हा आहे. पिंजऱ्यात पाळून विकला जाणारा जपानी लावा निराळा. त्याच्या नावाखाली कोणी रानातला लावा विकत असेल, तर घेऊ नका.

गुरुजींना एक विनंती. मुलांना एखाद्या सकाळी माळावर न्या, शांत उभे करा आणि विचारा, “कोण पळाले आणि कोण दडून बसले?” एवढे ज्याला सांगता आले, तो मुलगा उद्या बांधाला काडी लावताना थांबेल.