विश्लेषण : कचरा डेपोच्या काळ्या पाण्यातून खत मिळू शकते का?

कचरा डेपोतून झिरपणारे पाणी विहिरी नासवते. त्याच पाण्यात पिकांना लागणारा नायट्रोजनही असतो. तो परत मिळवताना गणित कुठे अडते?

लिचेट म्हणजे काय?
ओला कचरा कुजताना सुटणारे पाणी आणि पावसाचे पाणी कचऱ्याच्या थरांतून झिरपून तयार होणारा काळपट द्रव म्हणजे लिचेट. डेपोच्या तळाला अस्तर नसेल, तर तो भूजलात उतरतो. पुण्याजवळील उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी विहिरी दूषित झाल्याची तक्रार वर्षानुवर्षे केली आहे.

त्यात उपयोगाचे काय?
मुख्यतः अमोनिया. जुन्या डेपोच्या लिचेटमध्ये लिटरमागे २,००० मिलिग्रॅम अमोनियायुक्त नायट्रोजन सापडू शकतो. या हिशेबाने एक लाख लिटरमध्ये २०० किलो नायट्रोजन, म्हणजे युरियाच्या ४५ किलोच्या नऊहून अधिक गोण्यांइतका. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये प्रक्रिया केलेले लिचेट नदी-नाल्यात सोडण्यासाठी मर्यादा होती लिटरमागे ५० मिलिग्रॅम.

तो वेगळा कसा काढतात?
चुना किंवा कॉस्टिक सोडा घालून पाण्याचा सामू ११ च्या आसपास नेला, की अमोनिया वायुरूप होतो. जोराने हवा सोडून तो बाहेर काढतात आणि गंधकाम्लात शोषून घेतात. तयार होते अमोनियम सल्फेट, शेतकऱ्यांच्या ओळखीचे खत. जड धातू बहुतांशी मागेच राहतात.

दुसरा मार्ग स्ट्रुव्हाइटचा. मॅग्नेशियम आणि फॉस्फेट मिसळले, की अमोनियासह त्याचे स्फटिक तळाशी बसतात. मात्र लिचेटमध्ये फॉस्फरस फारच कमी असतो. एक किलो नायट्रोजनसाठी सुमारे २.२ किलो फॉस्फरस बाहेरून घालावा लागतो.

मग अडते कुठे?
अनुदानित युरियाची गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांत मिळते. त्या दराने २०० किलो नायट्रोजनचे जेमतेम अडीच हजार रुपये होतात. रसायने आणि विजेचा खर्च त्यातून निघणे कठीण. शिवाय उरलेल्या पाण्यावर पुढची प्रक्रिया करावीच लागते आणि खताला १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाचे निकष लागू होतात.

म्हणूनच हा हिशेब खतविक्रीचा नाही, शुद्धीकरणाचा आहे. अमोनिया तसाही काढावा लागतो. खत मिळाल्यास त्या खर्चाला थोडा हातभार लागतो. आणि ओला कचरा घरातच वेगळा होऊन खतखड्ड्यात गेला, तर हाच नायट्रोजन डेपोची वाट न धरता थेट मातीत पोहोचतो.